सारजाबाईंच्या दोन रात्री

सारजाबाईंना मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा त्यांना जाऊन चार महिने झाले होते.

असलं वाक्य दुसऱ्या कुणी ऐकवलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. भुतंखेतं, अंगात येणं, बाहेरची बाधा, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बारामतीत एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं सहलींच्या बुकिंगचं ऑफिस आहे. पाटीवर ‘वल्लरी टूर्स’ असं लिहिलंय, पण टूर्स म्हणजे मी एकटीच. गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. एसीची खोली पाहिजेच, आणि तो बंद करता येतो ना, हेही आधीच विचारून घेणार. राजस्थानात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन करणार, की इथं भाकरी मिळत नाही, तुम्ही सांगितलं नव्हतं. मी भांडते, ते भांडतात, आणि पुढच्या वर्षी परत येतात.

मानसिंगराव भांडणारे नव्हते, तिथंच माझी पंचाईत झाली. निरवांगीचे शेतकरी, साठीच्या आसपासचे, पांढरी टोपी आणि भरघोस मिशा. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, “विजापूरला खोली पायजे. दोन रात्रीची.”

आमच्याकडचे लोक विजापूरला मुक्काम करत नाहीत. पहाटे गाडी काढायची, गोलघुमटात पोरांनी घसा बसेपर्यंत हाका मारायच्या, जेवायचं आणि रात्री घरी. मी तसं सांगितलं. त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला. जुन्या शहरातलं एक दगडी घर, त्याचं केलेलं सात खोल्यांचं हॉटेल. कमानी, मधोमध चौक, चौकात विहीर. एका खोलीत खिडकीला लागून पांढऱ्या चादरीचा पलंग, आणि कुणीतरी ट्रेमधून चहा आणून ठेवतंय, असा तो व्हिडिओ होता.

“हीच खोली. खिडकीची,” ते म्हणाले.

“माणसं किती?”

“दोन.”

आधार कार्डं मागितली तर त्यांनी दोन काढून टेबलावर ठेवली. एक त्यांचं. दुसऱ्यावर डोक्यावर पदर घेतलेली, कॅमेऱ्याकडं डोळे बारीक करून बघणारी बाई. सारजाबाई.

“ह्या येणार ना बरोबर? तिथं दोघांनाही दाखवावं लागतं कार्ड.”

“येनार की,” ते म्हणाले, आणि त्याच आवाजात पुढं म्हणाले, “वारल्यात त्या. दिवाळीच्या आधी.”

मी पेन खाली ठेवलं. मेलेल्या माणसासाठी खोली मला याआधी कुणी मागितली नव्हती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. छातीत दुखतंय म्हणून सारजाबाईंना बारामतीला आणायला निघाले, आणि त्या रस्त्यातच गेल्या. दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर भरपूर, पण एक खाली येईना. मुलगा रणजित म्हणाला, आई, तुझी म्हस इकनार न्हाय. भाऊ म्हणाला, तुझ्या नातवंडांना काय कमी पडू देनार न्हाय. बायकांनी शेवया ठेवल्या, भजी ठेवली. ऊन चढलं. पाहुण्यांना परतायचं होतं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा सून, संस्कृती, मागून हळूच म्हणाली, आबा, ते हॉटेलाचं बोला.

“मी म्हनलं, जाऊ आपन विजापूरला. दोन रात्री ऱ्हाऊ. माझं तोंड मिटायच्या आत शिवला बगा कावळा.”

ते ‘आपण’ म्हणाले होते, म्हणून दोन माणसं. हिशोब सरळ होता.

मी त्यांच्यासमोरच हॉटेलला फोन लावला. मॅनेजर इरण्णा, विजापूरचाच, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. निरवांगीचं नाव काढताच म्हणाला, “म्हैसवाले अम्माचं घर का? कुठं आहेत ते? दिवाळीपासून फोन नाही त्यांचा.”

सारजाबाई त्याला दुपारच्या फोन करायच्या. सुनेनं व्हिडिओ दाखवला, त्याखालचा नंबर यांनी लावला, आणि मग लावतच राहिल्या. बुकिंग कधी केलं नाही, नुसतं विचारायच्या. खिडकीतून काय दिसतं? चादर रोज बदलता का, आणि घडी कोण घालतं? चहा आम्ही खाली येऊन घ्यायचा, का वर देता? एकदा विचारलं, सकाळी कुणी उठवायला येत नाही ना? इरण्णा म्हणाला, नाही अम्मा, तुम्ही पाहिजे तेव्हा उठा, बारा वाजेपर्यंत झोपा. “ते एवढं हसले मॅडम, एवढं हसले, की मला वाटलं फोन हातातून पडला त्यांच्या.”

मी त्याला सारजाबाई गेल्याचं सांगितलं. त्यानं तारीख विचारली. मग म्हणाला, खिडकीची खोली ठेवतो.

ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला यातलं वेगळं काही सांगायला नको. म्हशीची धार सकाळी काढायची आणि संध्याकाळी काढायची. सण असो, सुतक असो, म्हशीला काही फरक पडत नाही. सारजाबाई लग्न होऊन निरवांगीला आल्या, आणि तेव्हापासून त्यांनी एक रात्र घराबाहेर काढली नाही. माहेरच्या लग्नांनासुद्धा अक्षता टाकून जेवायच्या आधी परत. भावजय म्हणायची, वन्सं, तुम्ही म्हशीशीच लग्न केलंय. विजापूरचं त्यांनी नवऱ्याला पुष्कळदा बोलून दाखवलं होतं. नवऱ्यानं दर वेळी एकच विचारलं, म्हस कोन बघनार? हे मानसिंगरावांनीच मला सांगितलं, खाली बघत.

बुकिंग झालं, आणि आठवड्यातच त्यांचा फोन आला, रद्द करा, ऊसतोडीची टोळी आली. मी दुसरी तारीख घेतली. ती रद्द, पाण्याची पाळी आली. तिसरी रद्द, रणजितची एमआयडीसीत डेअरीला डबल ड्यूटी लागली. इरण्णा बिचारा दर वेळी खिडकीची खोली अडवून ठेवायचा आणि दर वेळी मोकळी करायचा. मी मानसिंगरावांना फोनवर जे बोलायचं ते बोलले. ते ऐकून घ्यायचे, आणि शेवटी म्हणायचे, “व्हय ताई, बराबर हाय तुमचं.”

त्या दिवसांत माझंही काहीतरी बिनसलं. इतर गिऱ्हाइकांसाठी हॉटेलांना फोन लावला की माझ्या तोंडून त्या बाईचे प्रश्न यायला लागले. काटेवाडीच्या एका जोडप्यासाठी म्हैसूरला फोन केला होता. गरम पाणी, पार्किंग, जेवण, सगळं विचारून झालं आणि मी म्हटलं, सकाळी कुणी उठवायला येत नाही ना? पलीकडचा माणूस गोंधळला. जोडपं माझ्याकडं बघायला लागलं. मी फोन ठेवला.

चौथी तारीख रद्द झाली तेव्हा मी स्कूटी काढली आणि तडक निरवांगीला गेले. तोंडावर सांगायचं होतं, की एकदा काय ते ठरवा, नाहीतर माझा नाद सोडा. पोचले तेव्हा दिवस मावळत होता. घरासमोर कुणी नव्हतं. बाजूच्या गोठ्यातून बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता, म्हणून तिकडं गेले.

हिरव्या साडीतली एक बाई, डोक्यावरून पदर घेऊन, माझ्याकडं पाठ करून म्हशीखाली बसली होती. बारीक आवाजात म्हशीशी काहीतरी बोलत होती. ही वयानं सून नव्हे, हे थोराड पाठीवरूनच कळलं. मी विचारलं, “मानसिंगराव आहेत का घरात?” बाईनं हात मागं करून मला थांबायची खूण केली. धार चालू असताना परक्यानं बोलायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी उभी राहिले. त्या अंधुक उजेडात ती पाठ बघता बघता मला एकदम कळलं की ही कोण आहे. आधार कार्डावरचा तो बारीक डोळ्यांचा चेहरा आता वळून बघणार, असं वाटलं. खोटं कशाला सांगू, पळावंसं वाटलं, पण पळताही येईना.

मग धार थांबली, आणि पदराखालून वळून बघितलं ते मिशांनी.

“या ताई,” मानसिंगराव म्हणाले. साडी नेसलेली नव्हती, धोतर-सदऱ्यावरूनच डोक्यापासून अंगभर गुंडाळली होती. “तिच्या वासाबगार म्हस पान्हा सोडत न्हाय. तिची धारंची साडी ही. हितंच खुंटीला आसायची.”

म्हशीचं असं असतं. एका हाताची सवय लागली की दुसऱ्याला पान्हा चोरते. घरची बाई गेली की काही दिवस तिचं लुगडं अंगावर घेऊन धार काढतात, मग म्हैस नव्या माणसाला रुळते. ही गोष्ट मी ऐकून होते. पण काही दिवस म्हणजे आठ-पंधरा. इथं चार महिने झाले होते.

ते दूध ठेवायला गेले तेव्हा संस्कृती माझ्याजवळ आली. विशीतली पोर, ओढणी कमरेला खोचलेली. दबक्या आवाजात म्हणाली, “ताई, म्हशीला कवाच सवय झाली आसती. आबाच कुनाला बसू देत न्हाईत. ती साडी बी धुऊ देत न्हाईत. सकाळ-संध्याकाळ आत्या गोठ्यात बसल्यात आसंच वाटतं. परवा माझी पोरगी त्यान्ला आज्जी म्हनली.”

“मग ते काय म्हणाले?”

“ओ दिली त्यांनी.”

मानसिंगराव साडी खुंटीला लावून अंगणात येऊन बसले, आणि भांडायला म्हणून गेलेली मी खरोखरच भांडले. म्हटलं, पाळी, टोळी, डबल ड्यूटी, ही कारणं मला सांगू नका. तुम्हाला जायचंच नाही. दहाव्याला सगळ्यांसमोर शब्द दिलात, त्यावर विश्वास ठेवून कावळा शिवला. जिवंत होती तेव्हा म्हशीपायी तिला एक रात्र मिळाली नाही, आणि आता मेल्यावरही तुम्ही तिला रोज दोन वेळा म्हशीखाली बसवता. मेल्यावर तरी बाईला सुट्टी असू दे की.

संस्कृती दारात उभी होती, ती आत गेली. मानसिंगरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“ताई, तितं नेली, आन् तिचं मन भरलं,” ते म्हणाले, “म्हंजी मंग ती जानारच की.”

मी मागं फिरले. स्कूटीला किक मारली. घरी येईपर्यंत सारखं वाटत होतं, मागच्या सीटवर कुणीतरी बसलंय. दोनदा आरशात बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. “काडा तारीख,” म्हणाले. “साडी संगं न्यायची हाय. तीच तर यायची हाय.”

साडी नेली तर म्हशीचं काय, यावरून घरात वाद झाला असणार, मला तो कळला नाही. रणजित म्हणाला म्हणे, दोन दिवस रेडकू सोडू म्हशीला, पिऊ दे सगळं. शेवटी मानसिंगराव इंदापूरहून एसटीनं सोलापूर, तिथून विजापूर असे गेले. पिशवीत त्यांचा एक सदरा-धोतर आणि ती साडी. तिकिटं त्यांनी दोन काढली. कंडक्टरनं विचारलं, दुसरं कुणाला? ते म्हणाले, येनार हायेत. सगळा रस्ता शेजारची जागा पिशवीला होती.

इरण्णाचा पहिला फोन त्याच रात्री आला. “पोचले मॅडम. साडी पलंगावर खिडकीच्या बाजूला पसरून ठेवली, स्वतः खाली सतरंजीवर झोपतो म्हणतात. मी म्हटलं पलंग मोठा आहे. म्हणाले, तिला ऐसपैस झोपू द्या.”

दुसरा फोन आला तो दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. इरण्णा खुशीत होता. सकाळी चहा दोन कप वर पाठवला. मानसिंगरावांनी आपला घेतला, दुसरा उशाशी ठेवला, आणि गोलघुमट बघून येतो म्हणून बाहेर पडले. दाराला कुलूप लावलं नाही. खोली आवरणारी बाई ते जिन्यावरून उतरताच वर गेली. पलंगावर साडी पसरलेली, शेणा-दुधाचा वास मारत होती. तिला वाटलं, पाहुणीनं धुवायला काढून ठेवली असेल. तिनं ती गरम पाण्यात साबण घालून स्वच्छ धुतली, उन्हात वाळवली, खळ घातली, कडक इस्त्री केली आणि घडी करून उशीवर ठेवली.

“चार्ज काही लावला नाही मॅडम,” इरण्णा म्हणाला. “अम्माची साडी म्हणून आम्ही मुद्दाम चांगली करून दिली.”

मी विचारलं, “मानसिंगराव काय म्हणाले?”

“काही नाही. ते पाच वाजता आले, बघितलं, खुर्चीवर बसले. अजून बसलेतच. चहाला पण खाली आले नाहीत. आमचं काही चुकलं का?”

मी म्हटलं, नाही, तुमचं काय चुकणार. आणि त्याचं खरंच काही चुकलं नव्हतं. कुलूप का लावलं नाही, हे मला मात्र लख्ख कळलं. आत माणूस झोपलेलं असताना बाहेरून कुलूप कोण लावतं?

ठरल्याप्रमाणं दुसरी रात्रही ते राहिले. दोन म्हणजे दोन. ते परत यायचे त्या दिवशी माझं ऑफिसात लक्ष लागेना. दुपार कलल्यावर शटर ओढलं आणि निरवांगीला गेले. संस्कृती अंगणात होती. मला बघून तिला नवल वाटलं नाही. तिला इरण्णाचा फोन आलेला नव्हता, म्हणून मीच सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “ताई, एक सांगू? काल संध्याकाळी मी म्हशीखाली बसले. आपल्याच कपड्यात. पैल्यांदा लाथ झाडली तिनं, आज सकाळी सोडला पान्हा. आबांना कसं सांगू ते?”

तेवढ्यात रणजितच्या मोटारसायकलवरून मानसिंगराव आले. उतरून थेट गोठ्यात गेले. पिशवीतून साडी काढली. धुतल्यावर तिचा हिरवा रंग मला त्या दिवशी नीट दिसला. खळीनं ती पुठ्ठ्यासारखी उभी राहत होती, डोक्यावरून घेतली तरी अंगाला बसेना. ते म्हशीखाली बसले, सारजाबाईंच्या त्या बारीक आवाजात तिला बोलले. म्हशीनं मान वळवून हुंगलं, फुरफुरली आणि बाजूला सरकली. ते पुन्हा सरकून बसले. ती पुन्हा सरकली.

ते उठले. साडी अंगावरून काढून तिची जमेल तशी घडी केली. माझ्याकडं बघून म्हणाले, “ताई, तुमचं बोलनं झालं आसंल त्या मॅनेजरशी.”

“झालं.”

“मी तिला निजवून बाहेर पडलो. म्हनलं झोपू दे, हितं कुनी उठवनार न्हाय. आन् ती बाई गेली वर. दार वाजवलं आसंल तिनं. ही दचकून उठली आसंल, उशीर झाला म्हनून. जल्मभर तशीच उठली वो ती.” मग विचारलं, “कवा गेली वर ती बाई? सकाळीच का?”

गिऱ्हाइकाशी मी खोटं बोलत नाही. हॉटेलाच्या खिडकीतून भिंत दिसत असेल तर भिंत दिसते म्हणून सांगते. रणजित आणि संस्कृती दोघंही माझ्याकडं बघत होते.

“नाही,” मी म्हटलं. “दुपारी. बारा वाजून गेले होते.”

“नक्की?”

“इरण्णा स्वतः म्हणाला.”

ते बराच वेळ त्या साडीच्या घडीवरून हात फिरवत उभे राहिले. “बारापोतर झोपली,” ते म्हणाले. मग सुनेकडं वळले, “संस्कृती, बस बाई तू.”

संस्कृतीनं ओढणी खोचली, बादली घेतली आणि बसली. तिनं सडांना हात लावला आणि लगेच धार सुरू झाली, बादलीच्या तळावर खणखणीत वाजली. म्हैस शांतपणे वैरण खात होती. मानसिंगराव तो आवाज ऐकत राहिले, मग तोंड भिंतीकडं करून मोठ्यानं रडायला लागले. दहाव्यालाही ते रडले नव्हते, असं रणजितनं मला नंतर सांगितलं.